पटाकडे परतणारा खेळाडू

बुद्धिबळाचा पट कांहीं वर्षें बाजूस ठेवून पुन्हां स्पर्धेंत उतरणाऱ्या खेळाडूच्या मनांत एक समज दृढ असतो. पुस्तकें वाचलेलीं आहेत, जुने डाव ध्यानांत आहेत. मग बळ जाणार कोठें? परंतु स्पर्धेच्या दालनांत पहिल्या तासांतच हा समज ओसरूं लागतो. तेथें हात लावलेलें मोहरें चालवावेंच लागतें, घड्याळ कोणासाठीं थांबत नाहीं, आणि समोरचा प्रतिस्पर्धी मनांतील गोंधळ चेहऱ्यावर वाचीत असतो. ज्ञान घरीं बसून टिकतें. तें ऐन वेळीं उपयोगांत आणण्याची संवय मात्र खेळावांचून टिकत नाहीं.

२०२० सालच्या महामारींत स्पर्धा बंद पडल्या व खेळ संगणकाच्या पडद्यावर गेला. स्पर्धा पुन्हां सुरू झाल्यावर हा अनुभव पुष्कळांच्या वांट्यास आला. पण तो नवा नव्हे. सोव्हिएट रशियाचा मिखाईल बोट्विनिक १९४८ सालीं जगज्जेता झाला. व्यवसायानें तो विद्युत्‌शास्त्राचा एंजिनियर. विजयानंतर तीन वर्षें तो आपल्या शास्त्रीय प्रबंधांत गुंतला व एकहि जाहीर डाव खेळला नाहीं. १९५१ सालीं मॉस्को येथें डेव्हिड ब्रॉन्स्टाइनशीं त्याचा २४ डावांचा सामना झाला. २२ डाव संपले तेव्हां जगज्जेता एका गुणानें मागें होता. तेविसावा डाव जिंकून व अखेरचा बरोबरींत सोडवून त्यानें १२–१२ असा शेवट केला. बरोबरी झाल्यास पद जगज्जेत्याकडेच राहावें, या नियमानें तें वांचलें.

बोट्विनिकचें खरें सामर्थ्य त्याच्या अभ्यासाच्या रीतींत होतें. स्वतःच्या डावांची चिकित्सा तो कठोरपणें करी आणि ती छापून प्रसिद्ध करी. छापलेली चूक इतरांच्या नजरेंतून सुटत नाहीं, हा त्यांतील हेतु. ज्यांना वेळ पुरत नाहीं त्यांनीं सरावाचे कांहीं डाव जयापजयाकडे न पाहतां केवळ घड्याळ सांभाळण्यासाठीं खेळावे, असें तो सांगे. तो स्वतः धूम्रपान करीत नसे. तरी सरावाच्या वेळीं रागोझिन या आपल्या मित्रास तो तोंडावर धूर सोडावयास लावी व रेडिओ मोठ्यानें चालूं ठेवी. दालनांतील उपद्रव घरींच अंगवळणीं पडावा, ही त्यामागील दृष्टि. स्पर्धेपूर्वीं सुमारें पांच दिवस मात्र पट बंद ठेवावा, असेंहि त्याचें मत होतें; मन ताजें राहिलें पाहिजे.

१९६० सालीं तेवीस वर्षांच्या मिखाईल टालनें त्याला १२॥ विरुद्ध ८॥ गुणांनीं हरविलें. पुढच्याच वर्षीं, वयाच्या एकूणपन्नासाव्या वर्षीं, बोट्विनिकनें १३ विरुद्ध ८ गुणांनीं पद परत मिळविलें. टालची प्रकृति तेव्हां बरी नव्हती, हें खरें. तथापि पराभूत डावांचा वर्षभर केलेला अभ्यासहि तितकाच खरा.

परतणाऱ्या सामान्य खेळाडूसहि हा मार्ग मोकळा आहे. पहिल्या एकदोन स्पर्धांत गुणांचा हिशेब करूं नये. हरलेला डाव घरीं येऊन पुन्हां पटावर मांडावा, कोठें व कां चुकलें तें प्रथम स्वतःच्या बुद्धीनें लिहून काढावें, आणि मगच यंत्राचा निर्णय पाहावा. यंत्र चूक दाखवितें. ती कोणत्या विचारानें घडली, हें ज्याचें त्यालाच शोधावें लागतें.