तुळशीचे पाणी आणि मुलाचे जेवण



कान्ह्याहून लोणावळ्यास जावे, बोरघाट उतरावा, की पुढे पेण तालुका येतो. तेथील गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे जन्मले. त्यांच्या मातोश्री रुक्मिणीबाई फारशा शिकलेल्या नव्हत्या. परंतु तुळशीला पाणी घातल्याखेरीज मुलाला जेवण नाही, हा त्यांचा नियम. तांब्याभर पाण्याला कितीसा वेळ लागतो? तरीही आपल्यावाचून कुणाचे तरी अडते, ही जाणीव त्या बालमनास रोज होत असे.

शेजारणीची अडचण असली की त्या तिच्याकडे जाऊन स्वयंपाक करीत. मात्र आधी घरचा उरकून. हा स्वार्थ नव्हे का, असे मुलाने विचारले. त्यांचे आधी केले तर जेवणवेळेपर्यंत अन्न निवून जाईल, असे मातेने सहज सांगितले. मुलाला धडा द्यावा म्हणून त्या तेथे जात नव्हत्या. म्हणूनच तो धडा मुलाच्या मनात आयुष्यभर राहिला.

आज कान्ह्यातील कितीतरी वडील पहाटेची लोकल गाठतात. वेळ नसतो, हे खरेच. मग दप्तर आईच भरते, डबाही तीच धुते, आणि दहाव्या वर्षी मुलगा ‘बेजबाबदार’ ठरतो! त्याच्यावर काही सोपविले तरी होते का?

गीता आपल्याला कळेल अशा मराठीत हवी आणि ती तूच लिही, असे रुक्मिणीबाईंनी मुलाला सांगितले होते. १९१८ साली त्या गेल्या. ‘गीताई’ लिहावयास विनोबांनी १९३० साली घेतली.