अंगणातील शिसे



ज्यांच्या स्मरणार्थ आजचे हे व्याख्यान होत आहे, त्या सरांनी याच शाळेच्या प्रयोगशाळेत आम्हांला पाऱ्याचा थेंब दाखवला होता. टेबलावर पळणाऱ्या त्या थेंबामागे आमची बोटे धावली आणि सरांनी ती मागे ओढली. लहान प्रमाणावर सोने काढणारे लोक जगात अनेक ठिकाणी पारा वापरतात. म्हणून या विषयाकडे वळलो, तेव्हा मातीतले विष पाऱ्याचेच असणार असे मी धरून चाललो होतो. नायजेरियातील झाम्फारा राज्याने माझी ही समजूत दूर केली.

सोन्याची खाण म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे कोलार किंवा हट्टी उभी राहते. खोल भुयारे, मोठी यंत्रे. झाम्फारात यांपैकी काही नव्हते. सोन्याचे भाव चढले, तशी शेतकरी कुटुंबे दगड गोण्यांत भरून घरी आणू लागली. स्त्रियांनी घराच्या आवारातच राहावे अशी तेथील रीत. त्यामुळे फोडणे, दळणे, धुणे सारे अंगणात चाले. दळायला पिठाच्या गिरण्या. आपल्या गिरणीत पीठ कसे उडते ते आठवा! तशीच ही कोरडी पूड चुलीवर, पाण्याच्या घड्यांवर आणि रांगत्या मुलांवर बसत होती.

त्या दगडात सोन्याबरोबर शिसे होते आणि त्यातील बराच अंश जठरातील आम्लात सहज विरघळणाऱ्या कार्बोनेटच्या रूपात होता. लहान मूल मातीतला हात तोंडात घालते, आणि त्याचे आतडे मोठ्या माणसापेक्षा अधिक शिसे शोषून घेते.

२०१० साली ‘मेदसां सां फ्रोंतिए’ या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संस्थेच्या डॉक्टरांना येथे मुले आकडी येऊन मरताना आढळली. प्रथम हिवतापाचा संशय आला. दारेता आणि यारगाल्मा या दोन गावांत पाहणी झाली, तेव्हा पाच वर्षांखालील ४६३ मुलांपैकी ११८ मुले वर्षभरात दगावली होती. रक्त तपासलेल्या मुलांपैकी ९७ टक्क्यांच्या रक्तात डेसिलिटरमागे ४५ मायक्रोग्रॅम वा त्याहून अधिक शिसे निघाले. एवढे शिसे आढळले की औषध सुरू करावेच लागते.

औषध होते. ते शिशाला बांधून लघवीवाटे बाहेर काढते. परंतु बरे झालेले मूल जाणार कोठे? त्याच अंगणात. शिसे कुजत नाही, उडून जात नाही, पिढ्यान्पिढ्या मातीत राहते. म्हणून आधी माती बदलावी लागली. गावकऱ्यांनी कुदळ-फावड्यांनी वरचा थर खरवडला, तो गावाबाहेर खड्ड्यांत पुरला आणि अंगणात स्वच्छ माती पसरली. हा मजुरीचा उद्योग मला औषधाइतकाच वैद्यकीय वाटतो.

बागेगा या गावाला मात्र थांबावे लागले. तेथील साफसफाईचा निधी २०१३ च्या आरंभी मोकळा झाला. तोवर औषध उपलब्ध असूनही तेथील मुलांवर पूर्ण उपचार सुरू करता येत नव्हते. दूषित अंगणात परतणाऱ्या मुलाला औषध देऊन उपयोग नव्हता. रोगाचे कारण ठाऊक, उपाय ठाऊक, आणि अडले ते पैशाच्या कागदावर. अनेक मृत्यूंपेक्षा ही प्रतीक्षा मला अधिक अस्वस्थ करते.

खाणकामावर सरसकट बंदी घाला, असे म्हणणे सोपे आहे. मला ते पटत नाही. त्या कुटुंबांना मिळकत हवीच आहे. दळण वस्तीपासून दूर न्यावे, दगड ओला करूनच दळावा, कामाचे कपडे घरात आणू नयेत, एवढे झाले तरी पूड मुलांपर्यंत पोचणे पुष्कळ कमी होते. त्या डॉक्टरांनी आपले काम २०२२ साली स्थानिक आरोग्य यंत्रणेकडे सोपवले. पुरलेली माती अजून तेथेच, त्या गावांच्या शेजारी, खड्ड्यांत आहे.