रूप पालटण्याचा खेळ
(गणेशोत्सवातील कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दर रविवारी दुपारी सभागृहाच्या मागच्या खोलीत सात-आठ मुलं फासे टाकत बसलेली आपण पाहता. "हा कसला जुगार चालवलाय?" असं एक-दोघांनी मला विचारलंही. कार्यकारिणी म्हणाली, तुम्हीच सर्वांना सांगून टाका. म्हणून उभा राहिलो आहे.

खेळाचं नाव डन्जन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी 1974 साली तो बाजारात आणला. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात आणि "मी आता असं करतो" असं बोलत गोष्ट पुढे नेतात. जमेल की फसेल अशी शंका आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. पैशाचा संबंध नाही.

यात ड्रुइड नावाचं एक पात्र असतं, रानाची विद्या जाणणारं. त्याला प्राण्याचं रूप घेता येतं. ऐकायला फार सोपं वाटतं, पण अटी पाहा. आम्ही 2014 ची नियमावली वापरतो. तिच्याप्रमाणे तो प्राणी आधी डोळ्यांनी पाहिलेला हवा. ड्रुइड दुसऱ्या पायरीवर असेल तर रूप एकच तास टिकतं. पंख असलेला प्राणी आठव्या पायरीपर्यंत मिळत नाही. बुद्धी आपलीच राहते, पण बकरी झालात तर बोलणं बंद, मंत्र बंद.

श्रावणात मी मुलांपुढे एक प्रसंग ठेवला. किल्ल्याला वेढा पडलाय आणि बाहेर येऊन थांबलेल्या मित्रफौजेला खलिता पोचवायचा आहे. झाशीच्या मुलांना किल्ला आणि वेढा समजावून सांगावा लागत नाही. तात्या टोपे 1 एप्रिल 1858 ला बेतवेच्या काठी हरले, झाशीला पोचलेच नाहीत, हे त्यांना पाठ आहे.

मुलं ओरडली, घार! नियमात बसेना. मग वाघ! दुसऱ्या पायरीला वाघ झेपत नाही, आणि झेपला असता तरी पहाऱ्यावरच्या बंदुका काय नुसत्या बघत बसल्या असत्या? तेवढ्यात नववीतली एक मुलगी म्हणाली, "मी बकरी होते." सगळे हसले. तिनं नियमावली उघडून दाखवली: रूप घेताना अंगावरचं सामान त्या रूपात विरून जातं आणि माणूस झाल्यावर परत मिळतं. म्हणजे खलिता अंगातच गेला! छावणीत माणसाची पगडीसुद्धा सोडून बघतात, बकरीची झडती कोण घेणार? पडक्या बुरुजाच्या दगडांवरून बकरी उतरली तर कुणी मानही वर करत नाही. वाटेत शेकोटीपाशी थांबून तिनं शिपायांच्या गप्पाही ऐकल्या. त्या गप्पांत रात्रीच्या रश्श्याचा विषय निघाला आणि तिच्या गळ्यात दोर पडला, ही गोष्ट वेगळी. बकरी मेली असती तर नियमानं तिथेच मुलगी उभी राहिली असती, ऐन शत्रूच्या गोटात, खलित्यासकट. फाशावर सतरा पडले, दोर तुटला.

काही मंडळींना हे परदेशी खूळ वाटतं. मला सुंदरकांड आठवतं. कुणीही आपल्या तोंडात शिरल्याशिवाय पुढे जाणार नाही, असा सुरसेला वर होता. मारुतीराय वाढत गेले तसं तिचं तोंडही वाढत गेलं. मग ते एकदम अंगठ्याएवढे झाले, आत शिरले आणि बाहेर आले. तिचा वर खरा ठरला आणि यांची वाटही मोकळी झाली. माझ्या मते रूप पालटण्याचा इतका चतुर उपयोग त्या जाड नियमावलीतही कुठे सापडायचा नाही.

आणि आपल्या झाशीत? बकरीनं सगळ्यांची नजर चुकवली, झलकारीबाईंनी ती मुद्दाम ओढून घेतली. राणीसाहेबांसारखा पोशाख करून त्या सर ह्यू रोजच्या छावणीकडे गेल्या आणि इकडे राणीसाहेबांना निसटायला अवधी मिळाला, असं इथली लोकपरंपरा सांगते. टपाल खात्यानं 2001 साली त्यांचं तिकीट काढलं. खेळातल्या ड्रुइडला घाव लागला तर आधी प्राण्याचं रूप जातं, खालचा माणूस शिल्लक राहतो. झलकारीबाईंच्या पोशाखाखाली दुसरा जीव नव्हता. हे मी सांगितलं तेव्हा खोलीत बराच वेळ कुणी फासा उचलला नाही.

येत्या रविवारी आमच्यातल्या एका मुलाला राणीचं रूप घेऊन शत्रूला भुलवायचं आहे. त्याच्याकडचा मंत्र फक्त डोळ्यांना फसवतो. कुणी शेल्याला हात लावला तर हात आरपार जातो. यावर काय तोड काढावी, याचा विचार तो आरतीतही करत असतो, अशी त्याच्या आईची तक्रार आहे. खेळ दुपारी चारला सुरू होतो. मोठ्यांनीही यावं, येताना पेन्सिल आणावी. फासे आमच्याकडे आहेत.