पाहुणा मासा आणि पिसाचा गळ

श्रोतेहो, वणीला पाहुण्यांचे नवल नाही. चैत्रात आणि नवरात्रात सप्तशृंगीच्या गडाकडे जाणारा प्रत्येक जण आपला पाहुणा. तो येतो, दर्शन घेतो आणि परत जातो. पण आपल्या पाण्यात असे काही पाहुणे आले आहेत की ते परत जात नाहीत. आज त्या पाहुण्यांविषयी आणि त्यांना गळाने धरण्याच्या एका युक्तीविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत.

हे पाहुणे म्हणजे परदेशी मासे. बाजारात आपण ज्याला चिलापी म्हणतो तो टिलापिया मूळचा आफ्रिकेचा. १९५२ साली तो भारतात आणला गेला. हेतू चांगला होता: गरिबाच्या ताटात स्वस्त मासा पडावा. पण त्याचा संसार भराभर वाढतो. नर उथळ पाण्यात बशीसारखा खड्डा उकरतो. मादी त्यात अंडी घालते, लगेच ती तोंडात घेते आणि पिले बाहेर पडेपर्यंत तोंडातच सांभाळते. बाहेर फिरणारी पिले संकट दिसले की पुन्हा आईच्या तोंडात शिरतात. इतका बंदोबस्त असल्यावर पिले वाचणारच! एका वर्षात असे अनेक वेळा होते. मग तळ्यात गर्दी होते, खाणे पुरत नाही, आणि सगळे मासे बोटभर, वीतभर राहतात. १९५९ सालीच त्याच्या प्रसाराला मनाई झाली. पण तोवर बी सांडून गेले होते.

दुसरा पाहुणा सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प. त्याचे बँकॉककडचे वाण १९५७ साली आले. तो तळाचा चिखल उकरून खातो आणि पाणी गढूळ करतो. तिसरा आफ्रिकन मागूर. बाजारात त्याला थाई मागूर म्हणतात. तो मांसाहारी, आणि भारी खादाड. त्याच्या पालनाला २००० साली बंदी झाली, तरी तो चोरून पाळला जातो.

एक खुलासा करतो. बाहेरचा प्रत्येक मासा वाईट, असे मी म्हणत नाही. रोहू नि मृगळ हेही मूळचे गंगेकडचे. आपल्या धरणांत त्यांचे बीज सोडले गेले आणि पुष्कळांची चूल त्यावर पेटली. प्रश्न एवढाच, की कोणता मासा कुठे सोडायचा हे ठरवायचे कोणी? जाणकाराने विचार करून, की कोणीही, वाटेल तेव्हा?

आता गळाची गोष्ट. गळाने मासे धरणे हा काही साहेबांनी शिकवलेला खेळ नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यात मत्स्यविनोद नावाचे प्रकरणच आहे. पण एक प्रकार मात्र आपल्याकडे कमी पाहायला मिळतो. त्यात गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही. गळालाच कोंबड्याचे पीस नि दोरा गुंडाळून माशीसारखा किंवा पाण्यातल्या किड्यासारखा आकार देतात. एरवी दोरीच्या टोकाला शिसे बांधून ती लांब फेकतो. इथे पीस हलके, म्हणून दोरीच जरा जड घेतात. काठी मागेपुढे झुलवली की दोरी उलगडत जाते आणि पीस अलगद पाण्यावर टेकते. महागडी चक्री लागतेच असे नाही. जपानात डोंगरी ओढ्यांवर बिनचक्रीची काठी वापरतात. तिला तेंकारा म्हणतात. आपली बांबूची काठी त्याच जातीची.

चिलापीचा नर खड्ड्याची राखण करत असतो. जवळ काहीही आले की तो अंगावर धावतो, आणि तिथेच पिसाच्या गळाला फसतो. सायप्रिनससाठी पीस हळूहळू तळाशी बुडू द्यावे.

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात, मायामी शहराच्या कालव्यांत चिलापीसारखे परदेशी मासे फार माजले. तिथल्या सरकारने १९८४ साली अभ्यास करून ॲमेझॉनकडचा पीकॉक बास हा शिकारी मासा मुद्दाम सोडला. आज भर शहरात लोक पिसाचा गळ घेऊन त्याच्यामागे फिरतात. ऐकायला गंमत वाटते. पण पाहुण्याला हाकलायला दुसरा पाहुणा आणणे हे आपण करू नये. तो मासा थंडीत तगत नाही, म्हणून त्याचा पसारा तिकडे आपोआप आटोक्यात राहतो. आपल्या उबदार पाण्यात तसा अटकाव कुठला?

आता आपल्या शिवाराकडे या. द्राक्षांसाठी दिंडोरी तालुक्यात जागोजागी शेततळी झाली. कोणी हौसेने त्यात चिलापी सोडतो. पावसाळ्यात तळे भरून सांडते. पाणी ओढ्याला, ओढ्याचे नदीला, कादवेचे गोदावरीला. त्या संगमावर नांदूर मधमेश्वरचे पाणपक्ष्यांचे अभयारण्य आहे. २०२० साली त्याला रामसर स्थळाचा मान मिळाला. म्हणजे एका शेतकऱ्याची बादली तिथवर पोचू शकते. आणि मग मरळ, वाम, शिंगटा हे आपले मासे आजीच्या गोष्टीतच उरतील.

म्हणून शेतकरी बंधूंनो, एवढे करा. जिवंत परदेशी मासा एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात नेऊ नका. शेततळ्याच्या सांडव्याला बारीक जाळी बसवा. काचेच्या पेटीतले मासे नको झाले, तर ओढ्यात सोडू नका. चिलापी गळाला लागला, तर चटकन मारून घरी न्या, कालवण करा. परत सोडू नका. आपला देशी मासा लागला, विशेषतः पावसाळ्यात अंड्यावर आलेला, तर ओल्या हाताने धरून सोडून द्या. गळाचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून टाकला, तर त्याला इजा कमी होते. धरणात मासेमारीचा ठेका बहुधा संस्थेकडे असतो; आधी तिला विचारा.

गुरुजी आणि बाई, तुम्हांला एक विनंती. मुलांकडून गावच्या पाण्यातल्या माशांची यादी करवून घ्या. कोणता मासा पूर्वी दिसे, कोणता आता दिसतो, हे म्हाताऱ्यांना विचारू द्या. पण धडा द्यायला मुलांना प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याच्या काठी नेऊ नका. ते प्लास्टिक शेवाळ्याने निसरडे होते. आत पडलेल्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. तळ्याच्या मालकाने भोवती कुंपण घालावे आणि गाठी मारलेला दोर आत सोडून ठेवावा.

गळाने नदी साफ होणार नाही, हे मला ठाऊक आहे. हजारो पिलांपुढे एक काठी ती किती! पण काठी घेऊन काठावर बसणारा माणूस पाण्याकडे पाहायला शिकतो. आणि जो पाण्याकडे पाहतो, तो त्यात वाटेल ते सोडत नाही.