पणजोबा ते महाराज : मधले आठ जण



आपल्या मालवणात पूर्वजांचा विषय निघाला की होडी थेट सिंधुदुर्गाच्या दरवाजाला लागते. "आमचो पणजो महाराजांच्या वांगडा होतो." चेष्टा करत नाही. एवढा किल्ला उभा राहिला तो शेकडो हातांनी, आणि ते हात कुणाच्या तरी पूर्वजांचेच होते. पण जरा हिशेब मांडू. पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ ची. त्या दिवशी तिथे उभा असलेला कर्ता पुरुष १६३० च्या आसपास जन्मलेला. आपले पणजोबा साधारण १८९० चे. मध्ये अडीचशेहून अधिक वर्षं, म्हणजे आठेक माणसं. त्या आठांतलं एक तरी नाव घरात कुणाला येतं का? येत नसेल तर ती वंशावळ नव्हे, श्रद्धा. श्रद्धा जरूर ठेवा, पण सोयरीक जुळवताना तिला पुरावा म्हणू नका.

आडनावावर तर भिस्त ठेवूच नका. तेंडोली सोडून बाहेर पडलेला कुणीही तेंडुलकर होऊ शकतो. तेवढ्यावर सचिन आपल्या भावकीत येत नाही.

मग शोधायचं कुठे? आपला जिल्हा १ मे १९८१ चा. त्याआधीचं दप्तर रत्नागिरीचं. मालवण इंग्रजांकडे गेलं १८१२ मध्ये, त्याआधी अंमल कोल्हापूरकरांचा. म्हणजे वाट ओरोसहून रत्नागिरीला आणि तिथून घाटावर जाते, आणि पुढे मोडी वाचणारा माणूस लागतो. शाळेच्या रजिस्टरातली जन्मतारीखही जपून घ्या. निम्मं गाव १ जूनला जन्मलेलं असतं, ही मास्तरांची कृपा.

कागद जुना म्हणून खरा, असंही नाही. १८५२ च्या कायद्यानं इनाम कमिशन बसलं, तेव्हा वतन टिकवायला लोकांना हक्क शाबीत करावे लागले. अशा वेळी दावेदारानं दिलेली वंशावळ त्याच्या सोयीची असायचीच. त्यापेक्षा मी नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांवर जास्त विसंबतो. गाव आणि आडनाव सांगितलं की वही निघते, आणि यात्रेकरूनं लिहून दिलेली नोंद दिसते : बाप, आजा, भाऊ, मुलगे. त्याला तिथे जमीन मिळवायची नव्हती. अर्थात, ज्यांना यात्रा परवडली त्यांच्याच या वह्या. ख्रिस्ती घरांनी चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी पाहाव्यात.

तरीही कागदाला एक मर्यादा आहे. सुनील गावस्करांनी 'सनी डेज'मध्ये आपल्या जन्माची हकीकत सांगितली आहे. इस्पितळात त्यांच्या काकांनी बाळाच्या कानाजवळ बारीक छिद्र पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी पाळण्यातल्या बाळाला ते दिसेना. शोधाशोध झाली, तेव्हा खरं बाळ एका कोळिणीच्या कुशीत झोपलेलं सापडलं. काकांची नजर चुकती, तर नोंदवहीत नाव गावस्करच राहिलं असतं आणि मूल दुसरं. सगळी कागदपत्रं बिनचूक, आणि वंशावळ चुकीची!

आणखी एक. आपण जपतो ती बापाकडची एकच ओळ. बारा पिढ्या मागे गेलात तर चार हजार शहाण्णव जागा भरायच्या असतात, त्यातल्या निम्म्या बायकांच्या. पणजीचं माहेरचं नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

चतुर्थीला चाकरमानी येतील, घर भरेल. आरती आटोपली की भजनाआधी अर्धा तास वही घेऊन म्हातारीजवळ बसा. तिचं, तिच्या आईचं आणि सासूचं माहेरचं नाव नि गाव लिहून घ्या. महाराजांपर्यंत नंतर जाऊ.