शहामृगाचं तुंबलेलं पोट

तरुण पोराच्या भुकेचं कौतुक करताना आपण म्हणतो, लक्कड हजम, पत्थर हजम. शहामृगाची कीर्ती याच्याही पुढची. ते लोखंड पचवतं, असं युरोपात कित्येक शतकं मानलं जाई. सर थॉमस ब्राउन या इंग्रज डॉक्टरने 1646 साली त्यावर अख्खं प्रकरण लिहून शंका काढली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: गिळत असेल, पण पचवतं कशावरून?

याचा पुरावा 1930 च्या सुमारास लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मिळाला. तिथे मेलेल्या एका शहामृगाच्या पोटातला ऐवज मांडून त्याचा फोटो काढण्यात आला. लेसचा हातरुमाल, आणखी एक साधा रुमाल, बटणाचा हातमोजा, दोरीचा तुकडा, तांब्याची नाणी, चुका, आकडे आणि चार इंची खिळा. जीव घेतला तो खिळ्याने.

मुळात दगड गिळणं हा या पक्ष्याचा दोष नव्हे, ती त्याची गरज आहे. दात नाहीत, तेव्हा चारा भरडायचा तो पेषणीतल्या, म्हणजे पोटाच्या भरडणाऱ्या कप्प्यातल्या, खड्यांनी. कोंबडीच्या गळ्याशी खाद्याची पिशवी असते, शहामृगाला तीही नाही. गिळलेलं सगळं थेट मोठ्या जठरात आणि तिथून पेषणीत जातं. या दोहोंमधली वाट ऐसपैस, पण पेषणीतून आतड्यात उतरायची वाट अगदी चिंचोळी. वाळू, तार किंवा लांब दांड्यांच्या गवताचा पीळ तिथे अडकला, की मागचं सगळं तुंबतं. पक्षी भरल्या पोटी उपाशी मरतो.

दक्षिण आफ्रिकेतलं औट्सहूर्न हे शहामृगपालनाच्या व्यवसायाचं माहेरघर. पिसांच्या पैशावर बांधलेले तिथले महाल अजून उभे आहेत. पिसांचा बाजार 1914 मध्ये कोसळला; आता कातडं आणि मांस यांवर धंदा चालतो. पोट तुंबण्याचा सर्वाधिक फटका बसतो तो पिल्लांना, आणि बहुतेक वेळा जागा बदलली की. सिमेंटच्या खोलीतलं पिल्लू एकदम वाळूच्या आवारात सोडलं, खाद्य अचानक बदललं, किंवा सोबत सुटली, की ते बिथरतं आणि समोर दिसेल त्यावर चोच मारत सुटतं. दोष पोटाचा कमी आणि पाळणाऱ्याच्या घाईचा जास्त.

ओळखायचं कसं? विष्ठा बघावी. ती शेळीच्या लेंड्यांसारखी बारीक, कोरडी होते. पिल्लू कळपापासून दूर मलूल उभं राहतं. खाद्यावर चोच मारतं, पण गिळत नाही. एक्स-रेमध्ये खडे आणि खिळे दिसतात, गवताचा गोळा मात्र सहसा चकवतो. सुरुवातीलाच लक्षात आलं, तर नळीने लिक्विड पॅराफिन किंवा भिजवलेला इसबगोल देतात. होय, गुजरातच्या शेतातून जगभर जाणारा तोच आपला इसबगोल! त्याने भागलं नाही, तर भूल देऊन डाव्या बाजूने पोट उघडतात, जठर रिकामं करतात आणि टाके घालतात. वेळेवर केली तर ही शस्त्रक्रिया यशस्वी होते. पण हडकलेलं पिल्लू टेबलावरच दगावण्याची भीती असते.

त्यापेक्षा लसूणघास बारीक कापून घालणं, योग्य आकाराचे खडे देणं आणि कुंपण दुरुस्त केल्यावर जमिनीवर लोहचुंबक फिरवणं कितीतरी स्वस्त.

महाराष्ट्रातही काही वर्षांपूर्वी शहामृगासारख्याच दिसणाऱ्या इमूच्या पालनाची लाट आली होती. गिऱ्हाईकच नव्हतं, त्यामुळे 2012 च्या सुमारास धंदा बसला आणि अनेक शेतकरी पक्ष्यांसकट अडकले. इमूही चकाकतं ते टिपतो. त्यामुळे प्राणिसंग्रहालयात किंवा एखाद्या शेतावर इमूच्या कुंपणाशी उभे राहाल, तेव्हा बाटलीचं झाकण, नाणं किंवा वेफर्सची पिशवी आत पडू देऊ नका. आणि मुलांच्या हातातल्या किल्ल्या आधी खिशात टाका.