निरोप कसा आला?
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



विषय साधाच आहे, फोनचा. पण फोनवर आपण बोलतो थोडं आणि न बोलता सांगतो फार.

नायगाव-वरळीच्या बी.डी.डी. चाळींत १६० चौरस फुटांची खोली. मजल्यावर एखाद्याकडेच फोन. बाकीच्यांच्या लग्नपत्रिकेवर नंबरापुढे 'पी.पी.' छापलेलं असायचं. म्हणजे नंबर शेजाऱ्याचा, निरोप आमचा! तुमच्या मुलीची सोयरीक, गावचं आजारपण, सगळं त्या घराला तुमच्या आधी कळे. मोबदला कोणी मागत नसे, पण १४ एप्रिलला गोडाचं ताट आधी त्याच दारात जाई. तार आली तर उघडायच्या आधीच रडारड. ती तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. रात्री-अपरात्रीच्या फोनने तिचं काम त्याआधीच घेतलं होतं.

मोबाईल १९९५ साली आला. २००३ पर्यंत आलेल्या कॉलचेही पैसे पडत. त्यातून आपल्या लोकांनी मिस्ड कॉलची भाषा काढली. एक रिंग म्हणजे पोहोचलो, दोन म्हणजे गॅलरीत ये. सासरी नांदणारी लेक आईला मिस्ड कॉल देई, आई उलट फोन करी. लेकीला बॅलन्सचा हिशेब सासरी द्यावा लागू नये, हे आईला न सांगता कळे. हाच मिस्ड कॉल व्याह्यांना देऊन बघा बरं! वर्षभर ऐकून घ्यावं लागेल.

आता 'जयभीम'चं बघा. घरात फोन उचलला की खणखणीत जयभीम. तोच माणूस ऑफिसात किंवा लोकलमध्ये असला की हळूच "हां, बोल" म्हणतो. पलीकडच्याला लगेच समजतं, चारचौघांत आहे. कुणी याला भित्रेपणा म्हणेल, मला म्हणवत नाही. भाड्याची खोली शोधणाऱ्याला या एका शब्दाची काय किंमत पडते, ते ज्याचं त्याला ठाऊक. पण शेजारी उभं असलेलं पोरगं तो उतरलेला आवाज ऐकतं, एवढं लक्षात असू द्या.

खरं दुखणं पुढेच आहे. हल्ली माणूस गेल्याची बातमी आणि जलदानविधीची वेळ व्हॉट्सअ‍ॅपवर पडते. कुणी विचारलं तर उत्तर तयार, "ग्रुपवर टाकलं होतं की!" अहो, ज्या म्हातारीला अक्षरओळख नाही, जिचा फोन नातवाच्या हातात, तिने काय वाचायचं? चाळीस वर्षांच्या शेजारणीच्या अंत्ययात्रेला ती गेली नाही, असा बोल मात्र तिलाच लागतो. आणि ज्याने वाचलं, निळ्या खुणा दिसल्या, पण जो आला नाही की बोलला नाही, त्याचाही अर्थ दुःखातलं घर लावतंच.

पूर्वी गॅलरीत एक हाक मारली की मजला गोळा व्हायचा. वरळीत २०२५ साली टॉवरच्या पहिल्या चाव्या मिळाल्या. तिथे लिफ्ट आहे, बंद दारं आहेत. हाक पोहोचत नाही. म्हणून माझी सूचना आहे. वेळ-पत्ता खुशाल मेसेजने कळवा, पण मरणाची बातमी आवाजाने द्या, जवळ असाल तर दार वाजवा. एकट्या राहणाऱ्या वडीलधाऱ्यांची यादी विहारात करू. त्यांना निरोप कोण देणार, ते नावानिशी ठरवू. वही कार्यवाहांकडे आहे. जेवणाला बसण्यापूर्वी आपापल्या मजल्याची नावं लिहून द्यावीत, ही विनंती.

जयभीम!